ऊन पाण्यातच घाल

नाव द्वारका, दिल्लीच्या एका उपनगराचंच, आणि राहायला वैशालीत, तेही गाझियाबादच्या. आता यात त्या बाईंचा काय दोष? पण कुरिअरवाला दर खेपेला फोन करून विचारणारच, "मॅडम, द्वारका में कौन सा सेक्टर?" आणि द्वारकाबाई दर खेपेला कडाडणारच, "अरे भैया, द्वारका मैं खुद हूँ! तुम वैशाली आओ!" बेचाळीस वर्षं दिल्लीत काढली बाईंनी, पण हिंदी बोलायला लागलं की आवाज चढतो तो चढतोच.

वय सहासष्ट. बोटं कधी पिवळी, कधी तपकिरी. हळदीकुंकवाला पुढे झाल्या की नवख्या बायका त्यांच्या हातांकडे बघून दचकतात. "कावीळ नाहीये हो, कांद्याची सालं आहेत!" असं त्यांना दरवर्षी सांगावं लागतं. घराच्या बाल्कनीत त्यांची वेगळी शेगडी आहे, तीन मोठी पातेली आहेत. भाजीवाला कांद्याच्या सालांची पिशवी त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो, देवळातला पुजारी शिळी झेंडूची फुलं देतो. त्यात लोकर रंगवायची, वाळवायची आणि मग विणायला घ्यायची. विकायचं नाव नाही. ज्याला द्यावंसं वाटेल त्याला द्यायचं.

नवरा जयंतराव, निवृत्त सरकारी अधिकारी, स्वभावाने गरीब. ते म्हणतात, "आमच्याकडे चहाचं पातेलं कुठलं आणि रंगाचं कुठलं हे विचारून मगच चहा प्यावा." त्यांचं हे म्हणणं अगदीच खोटं नाही, दोनदा गोंधळ झालेला आहे. पण खरा जाच निराळाच. बाल्कनीत दुसऱ्या कुणी पाऊल टाकलेलं बाईंना खपत नाही. सून निधी लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली, मुलगी मेरठच्या हिंदी घरातली, पण इतक्या हौसेने मराठी शिकली की विचारू नका. 'डोळे'चं 'डोले' होतं, 'केळं'चं 'केलं' होतं, तरी नेटाने बोलते. तिलासुद्धा बाल्कनीच्या दारातूनच बघायची परवानगी. "आई, मी ढवळू का जरा?" "नको, राहू दे तू." झालं, विषय संपला.

हे सगळं वेड बाईंना लावलं ते कौशल्यादीदीने. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये द्वारकाबाई नवी नवरी म्हणून आल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर ही गढवाली बाई राहायची. वयाने दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलायला रोखठोक आणि हातात सदानकदा टकळी. गावाहून मेंढ्यांची लोकर पोत्याने यायची. ती जिन्यात बसून, भाजी निवडता निवडता, भांडता भांडता सूत कातायची. अक्रोडाच्या सालीत ते कसं रंगवायचं, तुरटी किती घालायची, हे सगळं द्वारकाबाई तिच्याकडून शिकल्या. आणि त्याबरोबर तिची बोलीही उचलली. लोकरीला त्या 'ऊन' म्हणायला लागल्या ते कायमच्याच. एकदा पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हणाल्या, "आज दोन किलो ऊन आणलं गं!" बहीण म्हणे, "अगं, ऊन काय पिशवीतून आणतात? बरी आहेस ना?" घरात त्यावरून आठवडाभर हसले सगळे, पण बाईंच्या जिभेवरचं ऊन काही हललं नाही.

कौशल्यादीदीने आयुष्यभर सूत कातलं ते दुसऱ्यांसाठी. नवऱ्याचे मफलर, मुलाचे, म्हणजे नरसिंहचे, स्वेटर, शेजारणींच्या बाळांची टोपडी, सगळं तिच्या सुताचं. स्वतःच्या अंगावर मात्र सरोजिनी नगरच्या बाजारातल्या ढिगातला स्वस्तातला कार्डिगन. मागच्या उन्हाळ्यात तिने आपल्या सुताच्या चौदा लडी द्वारकाबाईंच्या ओटीत टाकल्या आणि म्हणाली, "ये मेरे लिए बनाना. अपना काता हुआ मैंने आज तक नहीं पहना." द्वारकाबाईंना इतकं चपापल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं नाही आलं? "थंडीच्या आत देते," असं वचन देऊन त्या लडी घेऊन आल्या.

आणि दिवाळीच्या तोंडावर दीदीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. 'पानी', 'बस', 'नरू', एवढेच तीन शब्द राहिले. म्हणजे त्या चौदा लडी तिच्या हातच्या शेवटच्या. द्वारकाबाई भेटायला गेल्या की दीदी डाव्या हाताने त्यांच्या स्वेटरचा खांदा चिमटीत धरायची आणि डोळ्यांत बघायची. काय विचारतेय ते कळायला शब्द कशाला हवेत? पण बाईंचा हातच चालेना. रंग चुकला तर, माप चुकलं तर, असं करता करता डिसेंबर सरला. जानेवारीत नरसिंहचा फोन आला, "मौसी, मेरा ट्रान्सफर हो गया देहरादून. क्वार्टर खाली करना है. माँ को लेकर बारह दिन में निकल रहे हैं."

बाराच दिवस! बाईंचे धाबे दणाणले. त्याच संध्याकाळी त्यांनी अक्रोडाची सालं भिजत घातली.

आता बघा योग कसा असतो. सकाळी पातेलं चढवलं, लडी आत सोडल्या, आच मंद केली आणि इस्पितळातून फोन. जयंतरावांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात होती, ती कुणीतरी रद्द झाल्यामुळे आजच मिळत होती. अकरापर्यंत पोचायचं. मुलगा अनुराग ऑफिसच्या कामाने बंगळूरला. द्वारकाबाई पातेल्याकडे बघतात, नवऱ्याकडे बघतात. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "निधी, आजच्या दिवस तू बघशील?"

निधीला आभाळ ठेंगणं झालं. तिने लॅपटॉप तिथल्या तिथे बंद केला, ओढणी कमरेला खोचली. "आई, तुम्ही बिल्कुल काळजी करू नका. मला सगळं मेसेज करा, तसंच्या तसं करते."

इस्पितळाच्या बाकावर बसून द्वारकाबाईंनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. सांगायचं होतं ते असं. रंग हवा तेवढा चढला की लोकर बाहेर काढायची, नाहीतर काळी पडते. पण उकळत्यातून काढलेली लोकर एकदम गार पाण्यात गेली की आकसते, तिचा गोळा होतो. म्हणून आधी तशाच गरम पाण्यात, मग हळूहळू निवू द्यायची. हे सगळं बाईंच्या हाताला इतकं पाठ की लिहिताना त्यांनी लिहिलं एवढंच: 'तासाने गॅस बंद कर. ऊन पाण्यातच घाल. मग स्वच्छ धू.'

दुपारी उत्तर आलं: 'हो आई, ऊन पाण्यातच घातलं. मस्त धुतलं पण!' पुढे एक हसरा चेहरा. द्वारकाबाईंना इतकं बरं वाटलं! पोरीला उगाच सहा वर्षं दाराबाहेर ठेवलं, असंही वाटून गेलं. त्यांनी अंगठा पाठवला आणि जयंतरावांना नारळपाणी आणायला गेल्या.

चारच्या सुमारास टॅक्सीतून उतरून, डोळ्याला पट्टी लावलेल्या नवऱ्याला खुर्चीत बसवून त्या थेट बाल्कनीत गेल्या. निधी मागोमाग, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

दोरीवर काहीतरी लटकत होतं. द्वारकाबाईंना आधी कळलंच नाही ते काय आहे. त्यांना वाटलं, निधीने पायपुसणं की काय वाळत टाकलंय. मग त्यांनी हात लावला. एकेक लड अर्ध्यावर आली होती, आणि धागा म्हणून धागा वेगळा उरला नव्हता. साधूच्या जटा असतात ना, तशा कडक, जाड, एकजीव. चौदाच्या चौदा. रंग मात्र असा सुरेख आला होता म्हणता, भाजलेल्या बदामासारखा.

 त्यांनी एक टोक ओढून बघितलं, दुसरं ओढलं. नखाने उकललं. कसचं काय! तोंडातून शब्द फुटेना आणि फुटला तो असा की शेजारच्या बाल्कनीतली बाई आत निघून गेली.

"काय केलंस हे! काय केलंस तू हे निधी! अगं, मेली ती लोकर! शेवटचं सूत होतं त्या बाईचं!"

निधीचं हसू तिथल्या तिथे विरलं. "काय झालं आई? हे असंच नसतं का होत? मला वाटलं वाळलं की सुटेल..."

"सुटेल? ब्रह्मदेव आला तरी सुटायचं नाही! कुठल्या पाण्यात घातलंस?"

"नळाच्या."

"नळाच्या! जानेवारीच्या नळाच्या पाण्यात! उकळत्यातून काढून!"

"तुम्हीच म्हणालात ना..."

"मी म्हणाले? मी?"

निधीने फोन पुढे केला. द्वारकाबाईंनी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि मोठ्याने वाचला. "हे बघ! वाच! डोळे आहेत ना? ऊन पाण्यातच घाल. ऊन!"

"हो ना आई! ऊन पाण्यातच घातलं!"

"ऊन कुठे घातलंस? गार पाण्यात घातलंस!"

"अहो ऊनच घातलं, पाण्यात! दुसरं काय घालणार होते मी?"

दोघी एकमेकींच्या तोंडावर तेच तेच वाक्य फेकत होत्या. एकीच्या डोळ्यांत अंगार, दुसरीच्या डोळ्यांत पाणी. शेवटी आतून, पट्टीखालून, जयंतरावांचा आवाज आला.

"अगं द्वारका, ती लोकर म्हणतेय."

 द्वारकाबाईंनी फोनकडे पुन्हा बघितलं. तेच शब्द, पण आता निधीच्या डोळ्यांनी वाचले. ऊन पाण्यातच घाल. लोकर पाण्यातच घाल.  जिभेला बेचाळीस वर्षं ऊन म्हणजे लोकर, आणि लिहायला बसल्या तेव्हा सांगलीच्या माहेरची न्हाणी आठवल्यासारखं ऊन पाणी! गरम लिहिलं असतं, कोमट लिहिलं असतं, काहीही लिहिलं असतं. पोरीने अक्षर न् अक्षर पाळलं होतं. वर तिने तसं कळवलंही, आणि आपण अंगठा पाठवला!

"आई, पाणी आणू?" निधीने विचारलं. बाईंनी मान हलवली, आणि तिथेच बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसल्या. सुनेला ओरडल्याची लाज, दीदीला काय सांगायचं याची धास्ती, दोन्ही एकदम अंगावर आली. रडूही येईना. नुसती बधिरता.

दुसऱ्या दिवशी निधीने सुट्टी टाकली. अख्खी दिल्ली पालथी घातली म्हणा ना. संध्याकाळी ती हाताने कातलेली पहाडी लोकर घेऊन आली, तशीच जाडीभरडी, तशीच मेंढीच्या वासाची. द्वारकाबाईंनी ती निधीला शेजारी बसवून रंगवली. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर जयंतरावांच्या नव्या डोळ्यालाही फरक कळेना.

"आई, पण दीदींना सांगायचं ना?" निधी म्हणाली.

"नाही."

"पण आई..."

"अगं, काय सांगू तिला? हात गेला, वाचा गेली, आणि राहिलं होतं ते मी घालवलं, असं सांगू? अडकेल जीव तिचा त्यात. घालू दे बिचारीला सुखाने. तिला कळायचं नाही."

 आठ दिवस द्वारकाबाईंच्या सुया थांबल्या नाहीत. मान आखडली, बोटं सुजली, पण स्वेटर झाला. पुढे बटणांचा, एका हाताने घालता येईल असा. सुंदर झाला, उगाच कशाला नाही म्हणा. पण बाई त्याच्याकडे धड बघत नव्हत्या.

निघायच्या दिवशी सकाळी दोघी आर. के. पुरमला पोचल्या तेव्हा क्वार्टरसमोर ट्रक भरून झाला होता. रिकाम्या खोलीत कौशल्यादीदी व्हीलचेअरवर, तोच सरोजिनी नगरचा कार्डिगन घालून. द्वारकाबाईंना बघताच तिचा चेहरा उजळला. डावा हात पुढे आला आणि पुन्हा ती खांद्याची चिमूट.

"लाई हूँ, दीदी, लाई हूँ," म्हणत बाईंनी स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. आवाज नको तितका मोठा निघाला. नरसिंह म्हणाला, "वा मौसी! देख माँ, तेरी ऊन का!"

दीदीने स्वेटरवरून हात फिरवला. मग ती थांबली. बाही धरली, अंगठा आणि बोटामध्ये धागा घेतला, घासला. पुन्हा घासला. गळ्याची पट्टी चाचपली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं.  दीदीने वर बघितलं. ओठ हलले, जबडा वाकडा झाला, मानेच्या शिरा ताठल्या.

"किस... का?"

नरसिंह दचकून पुढे झाला. "माँ? क्या बोली? मौसी, नया शब्द बोली माँ!" त्याला आनंद झाला होता, बिचाऱ्याला काय माहीत! द्वारकाबाईंना मात्र कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. तीन महिन्यांत जो शब्द आला नाही, तो हा विचारायला आला होता.

"किसका?" दीदीने पुन्हा विचारलं. आता स्पष्ट.

"दीदी, वो... तुम्हारा ही..." बाईंनी हात जोडले. "माफ करना दीदी. गलती मेरी है, बहू की नहीं. मैंने लिखा था कि ऊन पानी में..." आणि त्या थबकल्या. हिंदीत त्या वाक्याचा अर्थ निधीने घेतला तोच होत होता. आपली चूक कुठली, हे सांगायला त्या भाषेत शब्दच नव्हता. बाईंनी तोंडावर पदर दाबला आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

तेवढ्यात निधी पुढे झाली. तिने आपल्या मोठ्या झोळीतून एक कापडी पिशवी काढली आणि दीदीच्या मांडीवर उपडी केली. त्या आकसलेल्या, चिवट, बदामी चौदा लडी.

"मी आणल्या आई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला राहवलं नाही. रागवा तुम्ही मला."

 नरसिंह कधी लडींकडे बघतोय, कधी मौसीकडे. दीदीने एक लड उचलली. दाबली, नाकाशी नेली. बोटं तिच्यावरून फिरली, जिथे धागा सापडायला हवा तिथे शोधत राहिली. बराच वेळ शोधलं तिने. 

"मेरा," ती म्हणाली.

मग तिने डाव्या हाताने स्वेटर मांडीवरून खाली सारला. लड आकसली होती, तरी होती गोलच, कड्यासारखी. तिने ती एका हाताने डोक्यावरून घालायला घेतली. कानापाशी अडली, तसा नरसिंह मदतीला वाकला, पण दीदीने "बस" म्हणून त्याला मागे केलं. ओढून, मुरगाळून, केस विस्कटून घेत तिने ती खाली आणली आणि गळ्यात नीट बसवली. कार्डिगनचं वरचं बटण त्या लडीवरून लावायला मात्र तिला जमेना. ते तिने मान वर करून निधीकडून लावून घेतलं.

बाहेर गाडीने हॉर्न दिला. नरसिंहने बाकीच्या लडी पिशवीत भरून आईच्या कुशीत दिल्या आणि खुर्ची वळवली. द्वारकाबाई जमिनीवरचा स्वेटर उचलून, तो छातीशी धरून उभ्या होत्या. तो दीदीला पुन्हा द्यायची त्यांची छाती झाली नाही.